लिंबूं, नारिंग आणि मदतीचें माप

लिंबूं हें फळ जेवणाच्या पानांत मोठा मान पावतें, परंतु त्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. तें पिळावयाचें असतें. आणि अमेरिकेंत तें पिळणारे हात बहुतांशीं उपाहारगृहांत, हॉटेलांत व मद्यगृहांत असतात. इसवी सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या महामारीमुळें हीं सर्व दारें एकाएकीं बंद झालीं. कॅलिफोर्निया संस्थानानें १९ मार्चला लोकांना घरींच राहण्याचा हुकूम केला. त्याच संस्थानांत व्हेंचुरा नांवाचा परगणा आहे. तेथें लिंबाच्या बागा गेल्या शतकाच्याहि आधींपासून चालत आलेल्या आहेत. झाडांवर फळ पिवळें होऊन लोंबत होतें, तोडणारे मजूर होते, पेट्या होत्या, आणि माल घेणाराच नाहींसा झाला. घरोघरीं लिंबूं लागत नव्हतें असें नाहीं; परंतु घरची गृहिणी आठवड्याला दोनचार लिंबें घेते, आणि एखादें वर्दळीचें उपाहारगृह तेवढीं एका मेजावर संपवितें.

याच्या अगदीं उलट प्रकार त्याच दिवसांत नारिंगाच्या बाबतींत घडला. ‘क’ जीवनसत्त्वानें सर्दीपडशाला आळा बसतो असा समज लोकांत रूढ आहे. तो कितपत खरा हा प्रश्न वैद्यांचा. परंतु साथीच्या भीतीनें धास्तावलेल्या अमेरिकन लोकांनीं दुकानांतून नारिंगाच्या रसाच्या बाटल्या भराभर उचलण्यास प्रारंभ केला. गोठविलेल्या रसाचा वायदेबाजारांतील भाव त्या महिन्यांत झपाट्यानें चढला. ज्या पेयाचा खप जवळजवळ वीस वर्षें सारखा उतरत चालला होता, त्याला महामारीनें पुन्हां गिऱ्हाईक मिळवून दिलें. एकाच कुळांतील दोन फळें आणि एकच संकट. पण एकाचा बाजार बसला आणि दुसऱ्याचा उठला. सरकार शेतकऱ्यांना मदत देण्यास निघालें तेव्हां ही गोष्ट त्याच्या वाटेंत आडवी आली.

येथें नांवांचा थोडा खुलासा अवश्य आहे. अमेरिकेंत ज्याला ‘ऑरेंज’ म्हणतात, आणि ज्याला येथें नारिंग म्हटलें आहे, तें मोसंब्याच्याच जातीचें फळ होय. साल घट्ट आणि रस भरपूर. नागपूर-अमरावतीकडील सैल सालीचें संत्रें त्याहून निराळें. त्याचा अमेरिकेंतील सोयरा शोधावयाचा तर तो ‘टँजरिन’ या नांवाखालीं सांपडतो. तेथील ‘लेमन’ हेंहि इकडील कागदी लिंबूं नव्हे. तें आकारानें मोठें व जाड सालीचें असतें. ‘ग्रेपफ्रूट’ हें पपनसाच्या वंशांतलें. हा भेद वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत शोभेल असा वाटतो खरा. परंतु २०२० सालीं त्यावर बागाइतदारांचे पैसे अवलंबून राहिले.

संयुक्त संस्थानांच्या कायदेमंडळानें मंजूर केलेल्या ‘केअर्स’ कायद्यावर २७ मार्च २०२० रोजीं अध्यक्षांची सही झाली. त्यांत शेतीसाठीं ९ अब्ज ५० कोटी डॉलर राखून ठेवले होते. फळें व भाजीपाला पिकविणारे, आसपासचे बाजार, उपाहारगृहें आणि शाळा यांना माल पुरविणारे, आणि गुरें पाळणारे, असे तीन वर्ग कायद्याच्या शब्दांतच नमूद होते. लहान स्थानिक शेतकऱ्याचें नांव अशा कायद्यांत क्वचित् येतें. या वेळीं तें आलें होतें हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें १७ एप्रिलला शेतकीमंत्री सनी पर्ड्यू यांनीं एकंदर १९ अब्ज डॉलरांची योजना जाहीर केली. त्यांतील १६ अब्ज शेतकऱ्यांना रोख द्यावयाचे होते, आणि ३ अब्जांचा माल विकत घेऊन तो गरजूंना वाटावयाचा होता. १६ अब्ज डॉलर म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें एक लाख वीस हजार कोटी रुपये. त्यांपैकीं फळें आणि भाजीपाला यांच्या वाट्याला २ अब्जांहून थोडे अधिक येतील असा प्रथमचा अंदाज होता. मोठा भाग गुरांना आणि धान्याला.

या वाटणीमागें एक जुना इतिहास आहे. रोख रकमेंतील ६ अब्ज ५० कोटी डॉलर ‘कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ या सरकारी महामंडळाकडून यावयाचे होते. तें १९३३ सालीं, जगभर मंदी असतांना, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत स्थापन झालें. शेतमालाचे भाव कोसळूं नयेत म्हणून कर्ज देणें व माल उचलणें हें त्याचें काम. आणि तो माल मुख्यतः मका, गहूं, कापूस असा, वखारींत वर्षभर टिकणारा असे. फळें वखारींत टिकत नाहींत. म्हणून फळबागाइतदार या व्यवस्थेच्या बहुधा बाहेरच राहिला, आणि पुष्कळांना त्याचा अभिमानहि होता. शेतकी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या परगणावार कचेऱ्यांत धान्य पिकविणाऱ्यांचीं दप्तरें पिढ्यानपिढ्यांचीं होतीं, लिंबाच्या किंवा नारिंगाच्या मालकाचें नांवहि तेथें पुष्कळदां नसे. २६ मे २०२० रोजीं अर्ज घेण्यास सुरुवात झाली तेव्हां साथीमुळें कचेरींचीं दारें लोकांना बंद होतीं. सारा व्यवहार टेलिफोनवरून आणि संगणकावरून. ज्याचें खातें आधींपासून होतें त्याला एक अर्ज भरावयाचा होता. ज्याचें नव्हतें त्याला उत्पन्नाचे, मालकीचे, जमिनीचे असे कागद एकामागून एक पाठवावयाचे होते.

पण मुख्य अडचण कागदांची नव्हती, मापाची होती. महामारीनें कोणाचें किती नुकसान झालें हें मोजावयाचें कशानें? पहिल्या योजनेंत सरकारनें भाव हें माप घेतलें. २०२० च्या मध्य जानेवारींतील भाव आणि मध्य एप्रिलमधील भाव यांची तुलना करावयाची, आणि ज्या जिनसाचा भाव शेंकडा पांच किंवा अधिक उतरला असेल त्याच्या १५ जानेवारी ते १५ एप्रिल या मुदतींतील विक्रीवर ठरीव दरानें पैसे द्यावयाचे. आंकडे शेतकी खात्याच्याच बाजारभाव नोंदविणाऱ्या शाखेचे. या चाळणींतून फळें, भाज्या व कठीण कवचाचीं फळें मिळून प्रथम दहाच जिन्नस खालीं पडले : बदाम, घेवडा, ब्रोकोली, गोड मका, लिंबूं, आइसबर्ग जातीचें लेट्यूस, पालक, स्क्वॉश जातीचे भोपळे, स्ट्रॉबेरी आणि टोमॅटो. लिंबाचें नांव आलें तें रास्तच होतें. नारिंग, ग्रेपफ्रूट आणि टँजरिन या तिघांचें मात्र या वर्गांत आलें नाहीं. त्यांना दुसरे दोन वर्ग मोकळे होते : माल पाठविला पण वाटेंत किंवा गिऱ्हाइकाच्या दारीं कुजला तर एक दर, आणि तो शेतांतून हललाच नाहीं किंवा झाडावरच राहिला तर दुसरा. हा दुसरा दर फारच थोडा होता.

भावाचें माप वरवर पाहतां निर्दोष वाटतें. आंकडा सरकारी, सर्वांना सारखा, लांडीलबाडीला जागा थोडी. पण भाव म्हणजे विक्री नव्हे. घाऊक बाजाराच्या पाटीवर नारिंगाचा भाव चढलेला असतो, तो विकल्या गेलेल्या पेटीचा असतो. जी पेटी विकलीच गेली नाहीं तिचा भाव पाटीवर लिहिला जात नाहीं. एखाद्या शहराच्या कडेला दहावीस एकरांत फळें व भाज्या करणारा शेतकरी आपला माल जवळच्या चार उपाहारगृहांना, एका शाळेला आणि शनिवारच्या बाजारांत देत असला, तर उपाहारगृहें व शाळा बंद होतांच त्याची विक्री निम्म्यावर येते. न्यूयॉर्क किंवा शिकागो येथें त्या दिवशीं त्याच जिनसाचा भाव काय होता याच्याशीं त्याचा संबंध नाहीं. कायद्यानें ज्याचें नांव घेतलें होतें तोच असा मापाच्या बाहेर राहूं लागला.

फ्लोरिडा संस्थानांतील बागाइतदाराची तऱ्हा आणखी वेगळी होती. कॅलिफोर्नियांतील नारिंग टोपलींतून खाण्यासाठीं विकलें जातें. फ्लोरिडांतील नारिंगापैकीं बहुतेक सर्व रस काढण्याच्या कारखान्यांत जातें. कारखानदार फळाच्या आकारावर पैसे देत नाहीं. रसांत विरघळलेली साखर व इतर घन अंश किती पौंड निघाले त्यावर देतो, आणि तो दर पुष्कळदां काहीं वर्षांच्या कराराआधींच ठरलेला असतो. दुकानांत बाटलीचा खप वाढला म्हणून बागेंतल्या फळाला अधिक पैसे आलेच असें होत नाहीं. वायदेबाजार चढला याचा आनंद ज्यांच्यापाशीं रसाचा सांठा होता त्यांना. अशा स्थितींत ‘तुमचा भाव उतरला नाहीं’ हें सरकारी उत्तर ऐकून तेथील मंडळी चिडली तर त्यांना दोष देतां येत नाहीं.

सरकारनेंहि आपलें माप अंतिम आहे असें म्हटलें नव्हतें. ज्यांचा जिन्नस यादींत नाहीं त्यांनीं पुरावा पाठवावा, असें जाहीर केलें होतें. आणि सतराशेंहून अधिक उत्तरें आलीं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत पहिली भर पडली. टँजरिन, सफरचंद, लसूण, बटाटा यांसारख्या सात जिनसांचे भाव खरोखरच शेंकडा पांचांहून अधिक उतरले होते असें आढळून आलें आणि ते विक्रीच्या वर्गांत घेतले गेले. म्हणजे नागपुरी संत्र्याचा भाऊ आंत आला, आणि मोसंब्याचा भाऊ बाहेरच राहिला. त्याच वेळीं भेंडी, कोथिंबीर, पुदिना, पेरू, अननस, नारळ असे नवे जिन्नस यादींत शिरले. ११ ऑगस्टला दुसरी भर आली, आणि ती वाचतांना एखाद्या कोंकणी परसांतून फिरल्यासारखें वाटतें : केळीं, हळद, कढीलिंब, डाळिंब, मुळा, अळकुड्यांच्या जातीचे कंद, पपनस, महाळुंग. अमेरिकेंत कढीलिंबाची शेती करणारा माणूस आहे, आणि त्यानें किंवा त्याच्यासाठीं कोणीतरी वॉशिंग्टनला पत्र लिहून आपली दाद लावून घेतली, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. अर्जाची मुदत ११ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यांत आली. पैसे पुरतील कीं नाहीं या शंकेनें प्रत्येकाला आरंभीं रकमेचा शेंकडा ऐंशीच भाग दिला जात होता. उरलेला वीस ऑगस्टनंतर पोंचता झाला.

माल विकत घेण्याच्या शाखेबद्दल थोडक्यांत सांगतां येईल. १५ मे २०२० पासून फळें, भाज्या, दूध, मांस यांच्या पेट्या भरून अन्नछत्रांमार्फत वांटण्यांत येऊं लागल्या, आणि ३१ मे २०२१ ला हें काम थांबलें तोंपर्यंत १७ कोटींहून अधिक पेट्या गेल्या होत्या. त्यांत नारिंगें व सफरचंदें हटकून असत, कारण तीं प्रवासांत टिकतात. निवडणुकीच्या त्या वर्षांत या पेट्यांत अध्यक्षांच्या सहीचें पत्र घालण्यांत आलें, यावर बरीच टीका झाली. लहान शेतकऱ्याला या शाखेचा लाभ झाला तो एखाद्या मोठ्या पुरवठादाराच्या मार्फत. एरवीं हजारों पेट्यांचा मक्ता घेणें त्याच्या आवांक्याबाहेरचें होतें.

सप्टेंबरांत दुसरी योजना आली, आणि तिनें माप मुळांतूनच बदललें. १४ अब्ज डॉलरांपर्यंत रक्कम, अर्जाची मुदत २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर २०२०, आणि फळें, भाज्या, फुलझाडें मिळून २३० हून अधिक जिन्नस. भाव उतरला कीं चढला हा प्रश्नच आतां विचारावयाचा नव्हता. शेतकऱ्यानें २०१९ सालीं किती डॉलरांचा माल विकला तें सांगावें, आणि त्यावर ठरीव टक्के घ्यावे. पहिल्या ४९,९९९ डॉलरांवर शेंकडा १०.६, त्यापुढें एक लाखापर्यंतच्या विक्रीवर ९.९, पांच लाखांपर्यंत ९.७, दहा लाखांपर्यंत ९, आणि त्यावर ८.८.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ज्याची विक्री ४०,००० डॉलर होती त्याला ४,२४० डॉलर मिळाले. ज्याची २० लाख होती त्याला सुमारें १,८२,००० मिळाले. पायरीपायरीनें टक्के उतरतात खरे, पण ते इतके मंद उतरतात कीं दर डॉलरामागें लहानाला साडेदहा सेंट आणि मोठ्याला नऊ सेंट, एवढाच फरक पडतो. एका माणसाला २,५०,००० डॉलरांपेक्षां अधिक मिळूं नये अशी मर्यादा होती. ती गांठण्यास साडेसत्तावीस लाखांहून अधिक विक्री पाहिजे. मंडळी किंवा भागीदारी असेल, आणि तिच्यांतील तिघे भागीदार वर्षांतून प्रत्येकीं चारशें तास शेतावर राबत किंवा कारभार पाहत असतील, तर हीच मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढे. नारिंगाचा मालक आतां निर्विवादपणें आंत आला. नुकसान झालें असो वा नसो. लिंबाचा मालकहि आला, पहिल्या मदतीवर आणखी.

स्थानिक शेतकऱ्याला हें माप भावाच्या मापापेक्षां पुष्कळ सोयीचें होतें. शनिवारच्या बाजारांत त्यानें जें विकलें तेंहि विक्रींत धरलें जाई, आणि तेथील भाव घाऊक भावाहून चांगला असल्यामुळें त्याची बेरीज वाढे. मात्र एक मेख होती. कच्चा मालच तेवढा मोजावयाचा. ज्या कुटुंबानें आपल्या बागेंतील नारिंगांचा मुरंबा करून बाटल्या विकल्या, किंवा फळ पिळून रस विकला, त्याच्या प्रक्रियेची किंमत विक्रींतून वगळली जाई. लहान बाग टिकवावयाची तर फळावर चार संस्कार करून तें विकावें, असा उपदेश शेतकी खात्याचेच तज्ज्ञ वर्षानुवर्षें करीत आले होते. ज्यांनीं तो ऐकला त्यांचें माप येथें कमी भरलें.

त्याच वसंतांत भारतांत झालेली व्यवस्था याच्या शेजारीं ठेवून पाहावी. २६ मार्च २०२० रोजीं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीं ‘पीएम-किसान’ योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभींच ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना देण्याचें जाहीर केलें. ती रक्कम २०१९ पासून मिळत असलेल्या वार्षिक ६,००० रुपयांपैकींच होती. नवी नव्हती, फक्त लवकर आली. वऱ्हाडांतील मृग बहाराचीं संत्रीं टाळेबंदींत झाडावर अडकलेला बागाइतदार असो, कीं दोन एकरांत ज्वारी पेरणारा कोरडवाहू शेतकरी असो, दोघांना तेवढेच दोन हजार. येथें माप विक्री नव्हे, भाव नव्हे. सातबाऱ्यावरील नांव हेंच माप. म्हणून पैसे दिवसांत पोंचूं शकले, आणि म्हणूनच ते कोणाच्या नुकसानीला पुरले नाहींत. जो दुसऱ्याची जमीन खंडानें कसतो त्याच्या हातीं तेहि पडले नाहींत. अमेरिकन पद्धतींत कागद अधिक आणि रक्कम मोठी; भारतीय पद्धतींत कागद थोडा आणि रक्कम लहान. दोन्हीकडे प्रत्यक्ष तोटा मोजण्याचें काम मात्र कोणी अंगावर घेतलें नव्हतें.

फ्लोरिडाच्या बाबतींत तोटा मोजणें हें तर फारच कठीण होतें, कारण तेथें माणसांची साथ येण्यापूर्वीं पंधरा वर्षें झाडांची साथ चालू होती. ‘ग्रीनिंग’ नांवाचा हा रोग २००५ सालीं फ्लोरिडांत प्रथम आढळला. चिनी नांवावरून त्याला पिवळ्या फांदीचा रोगहि म्हणतात. सायला नांवाची तिळाएवढी कीड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्याचे जंतु नेते. पानें चट्ट्यापट्ट्यांनीं पिवळीं पडतात, फळें वांकडीं व कडवट होतात, पिकण्यापूर्वींच गळतात, आणि कांहीं वर्षांत झाड वठतें. विदर्भांतील बागाइतदारांना ही कीड व हा रोग दोन्ही अपरिचित नाहींत. झाड बरें करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. २००३-०४ च्या हंगामांत फ्लोरिडांत नारिंगांच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. पेटी म्हणजे नव्वद पौंड, सुमारें ४१ किलो. २०१९-२० च्या हंगामांत त्या सुमारें ६ कोटी ७० लाखांवर आल्या. मध्यें २०१७ च्या सप्टेंबरांत इर्मा हें चक्रीवादळ फळांनीं लगडलेल्या बागांवरून गेलें. त्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें फ्लोरिडाला निराळे सुमारें ३४ कोटी डॉलर दिले होते.

आतां २०१९ सालची विक्री हें माप या झाडांना लावून पाहावें. ज्याच्या बागेचा निम्मा भाग रोगानें आधींच गेला, त्याची विक्री निम्मी. म्हणून मदतहि निम्मी. ज्याची बाग सुदैवानें हिरवी राहिली त्याला दुप्पट. महामारीची मदत महामारीच्याच तोट्यासाठीं, झाडाच्या रोगासाठीं नव्हे, असें सरकार म्हणूं शकतें आणि तें तर्काला धरूनहि आहे. पण बागाइतदाराच्या वहींत दोन तोट्यांचीं दोन पानें नसतात. त्याला आलेला पैसा तो कीटकनाशकाला, खताला किंवा नव्या कलमांना लावतो, आणि कित्येकदां जुनें कर्ज फेडण्यास. २०२२ च्या सप्टेंबरांत इयान हें वादळ आलें, आणि २०२२-२३ च्या हंगामांत फ्लोरिडाच्या पेट्या १ कोटी ५८ लाखांवर उतरल्या. अलिको ही तेथील फार मोठी बागाइतदार कंपनी. तिनेंहि २०२५ च्या जानेवारींत नारिंगाचा व्यवसाय आटोपता घेत असल्याचें जाहीर केलें.

वॉशिंग्टनमध्यें २०२१ च्या जानेवारींत सरकार बदललें. नव्या सरकारनें दुसऱ्या योजनेचे अर्ज ५ एप्रिलपासून पुन्हां उघडले, आणि पहिल्या खेपेस जे आलेच नाहींत, लहान शेतकरी, नवे शेतकरी, कृष्णवर्णीय व इतर उपेक्षित शेतकरी, त्यांच्यापर्यंत पोंचण्यासाठीं माणसें पाठविलीं. ती मुदत ऑक्टोबरपर्यंत चालली. दोन्ही योजना मिळून शेवटीं सुमारें ३१ अब्ज डॉलर वांटले गेले. शेतकऱ्यानें आपला आंकडा आपणच सांगावयाचा आणि तो खरा असल्याचें लिहून द्यावयाचें, तपासणी मागाहून आणि थोड्यांचीच, अशी रीत असल्यामुळें सरकारी हिशेबतपासणी कचेरीनें २०२२ च्या सप्टेंबरांत शेतकी खात्याला अधिक कसून तपास करण्यास सांगितलें. घाईनें वांटलेल्या पैशाला हा प्रश्न सुटत नाहीं. तपास करून वांटले असते तर ते २०२० सालीं पोंचले नसते हेंहि खरें.

तिसरें माप आलें तें तीन वर्षांनीं. २०२३ च्या २३ जानेवारीपासून एका नव्या योजनेचे अर्ज घेण्यांत आले. तिच्यांत भाव नाहीं, मागल्या वर्षाची नुसती विक्रीहि नाहीं. २०२० सालचें एकूण उत्पन्न २०१८ किंवा २०१९ सालच्या उत्पन्नापेक्षां शेंकडा पंधरा किंवा अधिक घटलें असेल तर मदत. कोणतें वर्ष धरावयाचें तें शेतकऱ्यानें ठरवावें. उपाहारगृहें बंद झाल्यामुळें ज्याची विक्री बसली त्या स्थानिक शेतकऱ्याचा तोटा या मापांत सरळ दिसतो. कारण येथें त्याच्याच वहीचीं दोन वर्षें समोरासमोर ठेवलीं जातात. आरंभींच हें माप कां घेतलें नाहीं, याचें उत्तर सोपें आहे : २०२० च्या मे महिन्यांत २०२० सालचें उत्पन्न कोणालाच ठाऊक नव्हतें. खरें माप हातीं येण्यास वर्ष संपावें लागतें, आणि शेतकऱ्याच्या बँकेचा हप्ता तितका थांबत नाहीं. अर्जाची मुदत १४ जुलै २०२३ पर्यंत वाढविण्यांत आली.

या साऱ्या मापांत फळ तोडणाऱ्या मजुराची जागा नव्हती. कॅलिफोर्नियांतील लिंबें आणि फ्लोरिडांतील नारिंगें अजूनहि बहुतेक हातांनींच, शिडीवर चढून, खांद्याला पिशवी लावून तोडावीं लागतात. हे मजूर बहुतेक मेक्सिकोचे. साथीच्या दिवसांत इतर लोक घरीं बसले असतां ‘अत्यावश्यक’ म्हणून त्यांना कामावर ठेवलें होतें, आणि ट्रकांतून व खोल्यांतून दाटीनें राहिल्यामुळें साथ त्यांच्यांत जोरानें पसरली. २०२१ च्या सप्टेंबरांत शेतकी खात्यानें मजुरांसाठीं सुमारें ७० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. प्रत्येकाला एकदांच ६०० डॉलर, आणि तेहि सेवाभावी संस्थांच्या हातून. त्या संस्थांना रकमा मंजूर झाल्या २०२२ च्या ऑक्टोबरांत. तोंपर्यंत महामारीच्या पहिल्या वसंतानंतरचे तोडणीचे दोन हंगाम सरून तिसरा सुरू होत होता.